न सापडलेल्या कणाचा सत्कार

जगताप मॅडमच्या हातात कुठलाही महत्त्वाचा कागद आला की त्या आधी त्यावर तळहात ठेवायच्या. झाकून टाकायच्या. मग म्हणायच्या, "आधी ठरवू, मग बघू."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या साखरेच्या रिपोर्टच्या वेळी. तेव्हा मी नांदेडला एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि काहीतरी विचारायला म्हणून त्यांच्या केबिनमध्ये उभी होते. समोर डबा उघडा, बाजूला दवाखान्यातून आलेलं पाकीट. मॅडमनी कागद बाहेर काढला तो पालथा, त्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "वाघमारेबाई, साक्षीदार राहा. साखर वाढलेली निघाली तर आजपासून चहा बिनसाखरेचा. नाही निघाली तरी गुळाची पोळी आठवड्यातून एकदाच. ठरलं?"

मी म्हटलं, "मॅडम, आधी बघा तर खरं."

"आधी बघितलं की माणूस वकील होतो गं. आकडा बघायचा आणि मग आपल्याला पाहिजे ते कलम काढायचं."

साखर वाढलेली निघाली. त्या दिवसापासून मॅडम बिनसाखरेचा चहा प्यायच्या, पण लहान लेकरू औषध पितं तसं तोंड करून. प्रत्येक घोटाला. "जहर आहे नुसतं," म्हणायच्या आणि पुढचा घोट घ्यायच्या. कुणी म्हटलं, मॅडम, अर्धा चमचा चालतो, तर म्हणायच्या, "चालतो की. पण तो अर्धा चमचा मी रिपोर्ट बघायच्या आधी का नाही ठरवला?"

माझं सांगायचं तर मी हदगावची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई शाळेत खिचडी शिजवायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मान खाली घालून नाही, वर करून सांगते. पहिल्या दिवशी मॅडमनी वर्गात एकेकाला विचारलं, फिजिक्स का घेतलं? कुणी म्हणालं, लहानपणापासून आकाशाची ओढ. कुणी म्हणालं, विश्वाचं गूढ. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "केमिस्ट्रीला नंबर लागला नाही." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. हजेरीतलं माझं नाव बघून म्हणाल्या, "वाघमारे, तू तास संपल्यावर भेट." मला वाटलं, गेली आता आपली सीट. भेटले तर म्हणाल्या, "मला खरं बोलणारं एक माणूस पाहिजेच होतं. माझ्याकडं प्रोजेक्ट करशील?"

मॅडम मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या. शिकल्या लातूरला, मग बाहेर, मग परत येऊन नांदेडला आमच्या कॉलेजात राहिल्या. लग्न केलं नाही. सुती साडी, त्याखाली पांढरे खेळायचे बूट, आणि खांद्याला एवढी मोठी पिशवी की तिच्यात संसार मावेल. वर्गात त्यांची भाषा अगदी छापील. पण राग आला की 'आहे'चं 'हाय' व्हायचं आणि 'नाही'चं 'न्हाई'. आम्ही पोरं एकमेकांना खुणावायचो, "गप बसा, मॅडम मुरुडला पोचल्या."

त्यांचं काम काय होतं ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. परदेशात एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिथं कणांवर कण प्रचंड वेगानं आदळवतात आणि त्या धडकेतून काय काय उडतं ते टिपून ठेवतात. तिथली माहिती जगभरच्या लोकांमध्ये वाटून दिलेली असते. त्यातला एक छोटा तुकडा आमच्या नांदेडच्या कॉलेजात, वरच्या मजल्यावरच्या गरम खोलीत, तीन कॉम्प्युटरवर असायचा. आम्ही त्यात एक नवा कण शोधत होतो. असा कण, जो आजवर कुणी पाहिलेला नाही, आणि जो असला तर विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा धागा हाती लागेल. तो स्वतः टिकत नाही, लगेच फुटतो. पण फुटून निघालेल्या कणांची बेरीज करून आलेख काढला तर एका ठिकाणी छोटा उंचवटा दिसायला पाहिजे. सपाट रानात टेकाड दिसावं तसा.

पण तो उंचवटा असायला पाहिजे असं ज्याला वाटतं त्याला तो दिसतोच. म्हणून या धंद्यात एक रीत आहे. आलेखाचा नेमका तोच भाग झाकून ठेवायचा. कुठली नोंद घ्यायची, कुठली टाकायची, त्याच्या चाळण्या आधी ठरवायच्या. बाकीच्या भागावर त्या तपासून घ्यायच्या, जगभरच्या सहकाऱ्यांकडून मंजूर करून घ्यायच्या, आणि मग एका दिवशी पडदा काढायचा. एकदाच. पडदा काढल्यावर चाळणीचं भोक मोठं करायचं नाही की लहान करायचं नाही. ही रीत जगभर आहे, मॅडमनी काढलेली नाही. पण जगभरचे लोक ती प्रयोगशाळेत पाळतात आणि घरी गेल्यावर विसरतात. मॅडमनी ती अंगी बाणवली होती. कॉम्प्युटर तो भाग आपोआप झाकायचाच. तरी मॅडमनी स्क्रीनवर त्या जागी जाड पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली होती. मी विचारलं, "मॅडम, मशीन झाकतंय की." तर चिडून म्हणाल्या, "मशीनवर भरवसा हाय गं. माझ्यावर न्हाई."

माझी आई एकदा हदगावहून बसनं आली ती थेट कॉलेजात. हातात एका स्थळाचा बायोडाटा. मॅडमच्या कानावर घालावं म्हणून तिनं तो त्यांच्यापुढं ठेवला. मॅडमचा हात लगेच फोटोवर.

"वाघमारे, तुला नवरा कसा पाहिजे ते आधी आईपुढं सांग."

मी लाजून मेले. तरी म्हटलं, "पुढं शिकू देणारा."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

मॅडमनी फोटो झाकूनच खालचं वाचलं. मुलीनं लग्नानंतर घर सांभाळावं, शिक्षणाची आवश्यकता नाही. आई हळहळली, "पोरगं दिसायला लई छान हाय वो मॅडम."

"म्हणूनच झाकलं, ताई."

आई हसली. बायोडाटा घडी करून तिनं पदराच्या गाठीत बांधला आणि परत कधी काढला नाही. जाताना मात्र मला जिन्यात म्हणाली, "तुझी मॅडम चांगली हाय. पण तिला म्हनावं, एखांदं लेकरू-बाळ तरी न झाकता बघत जा."

आता खोलीची गोष्ट. मॅडमना निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं आणि त्यांना जायच्या आधी एकच गोष्ट पाहिजे होती. आकाशातून म्यूऑन नावाचे कण सतत खाली येत असतात. आपल्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातो, आपल्याला कळतही नाही. ते मोजणारं साधं यंत्र बसवायला एक खोली हवी होती, म्हणजे आमची पोरं परदेशातली माहिती नुसती कॉम्प्युटरवर चाळण्याऐवजी स्वतःच्या हातानं कण पकडतील. "कंधारची पोरगी आली, किनवटचं पोरगं आलं, तर त्यांनी आयुष्यात एक कण तरी स्वतः मोजला पाहिजे," असं मॅडम म्हणायच्या. खोली संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या हातात होती. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांनाही चार लोकांना काहीतरी दाखवावं लागतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा तो कण सापडू द्या. त्याच दिवशी खोली जाहीर करतो, यंत्रासहित."

म्हणजे आमचा पडदा आणि आमची खोली एका दोरीला बांधली गेली. मॅडमना हे अजिबात आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, पोरांना खोली पाहिजे. कणाचा आणि खोलीचा काय संबंध?" साहेब हसले. "संबंध लावावा लागतो, मॅडम."

पडदा काढायची तारीख ठरली आणि ही बातमी मुरुडला मॅडमच्या धाकट्या भावाला, बालाजीभाऊंना कळली. बालाजीभाऊंचं मुरुडच्या बाजारात मोटारी आणि पाईपचं दुकान. माणूस दिलदार, आवाज लाऊडस्पीकरसारखा, आणि बहिणीवर जीव. त्यांनी पडदा काढायच्या पुढच्याच रविवारी मुरुडला सत्कार ठेवून टाकला. मंगल कार्यालय, फेटे, जेवण, अध्यक्षसाहेब प्रमुख पाहुणे. आणि फ्लेक्स छापून मोकळे झाले. दहा बाय सहाचा. मध्ये मॅडमचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात: 'नवीन कणाचा शोध लावल्याबद्दल आमच्या आक्कांचे हार्दिक अभिनंदन.'

पडदा काढला त्या दिवशी दुपारी आमच्या गरम खोलीत आम्ही दोघीच. स्क्रीनवर व्हिडिओ कॉल, पलीकडे निरनिराळ्या देशांतले सहकारी, कुणाकडे सकाळ, कुणाकडे संध्याकाळ. मॅडमनी पुठ्ठ्याची पट्टी नखानं काढली. मी बटण दाबलं. आलेख पुरा झाला.

एक उंचवटा होता. बारीक. आमच्या जागेच्या जवळपासच.

मी खुर्चीतून अर्धी उठले. पण मॅडम त्याच्याकडं बघतच नव्हत्या, त्या बाजूच्या आकड्यांकडं बघत होत्या. असा उंचवटा नुसत्या योगायोगानंही किती सहज येऊ शकतो त्याचा तो हिशेब होता. बऱ्यापैकी सहज. पलीकडून एक तरुण संशोधक म्हणाला, तिसरी चाळणी जराशी सैल केली तर उंचवटा बराच वाढेल असं वाटतंय, बघूया का? मॅडम शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या की ते काल बघायला पाहिजे होतं. कॉल संपला. आमच्या कामाचा निष्कर्ष असा: कण दिसला नाही. असलाच तर अमुक इतक्या प्रमाणापेक्षा जास्त नाही, नाहीतर आम्हाला दिसला असता.

मॅडमनी तिथूनच भावाला फोन लावला. स्पीकरवर.

"बालाजी, कण सापडला न्हाई रं."

"आक्का, फ्लेक्स छापून आलाय!"

"तुला आधी छापायला कुणी सांगितलं?"

"लगीनसराई हाय आक्का! छापणाऱ्याकडं नंबर लागत न्हाई. निवडणुकीत पण गुलाल मोजणीच्या आधीच आणतेत की!"

"कार्यक्रम रद्द कर."

"आचारी सांगितलाय. अध्यक्षसाहेब येणार हायत. बरं, काहीच न्हाई दिसलं? कायच न्हाई?"

"थोडा उंचवटा हाय. पण त्याला अर्थ न्हाई."

"हाय ना! मग तेवढंच बोल की! कोण बघायला येणार हाय मुरुडात?"

मॅडम म्हणाल्या, "मी हाय की."

रविवारी आम्ही मुरुडला गेलो. बालाजीभाऊ दारातच उभे, चेहरा पडलेला, पण फ्लेक्स लावलेला. फोटोखालच्या ओळीवर नवी पट्टी चिकटवली होती: 'नवीन कण नसल्याचा शोध लावल्याबद्दल.' मॅडमनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि वाचलं.

"बालाजी, हे पण बरोबर न्हाई."

"आता काय झालं?"

"कण नाहीच असं मी म्हटलेलं न्हाई. एवढ्या प्रमाणापेक्षा जास्त न्हाई, असं म्हटलंय. तेवढं लिही."

"आक्का, फ्लेक्स दहा बाय सहाचाच हाय!"

मी आजवर कितीतरी चर्चासत्रांना बसले आहे, पण आमच्या विषयातली अडचण इतक्या थोडक्यात कुणी मांडलेली ऐकली नाही.

कार्यक्रमाआधी अध्यक्षसाहेबांनी मॅडमना बाजूला घेतलं. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारीच होते. साहेब हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, खोटं बोला असं मी म्हणत नाही. काहीतरी दिसलं आहे, हे खरं आहे ना? मग तेवढंच खरं बोला. 'एक उंचवटा दिसला आहे, पुढचं काम चालू आहे.' मी लगेच खोली जाहीर करतो. सगळं खरंच."

मॅडमच्या डोळ्यांपुढं ती खोली होती, हे मला दिसत होतं. मग म्हणाल्या, "साहेब, मी बोलेन ते खरं असेल. पण ऐकणाऱ्याला कळेल ते खोटं असेल."

फेटा बांधला. शाल झाली, नारळ झाला. मॅडम माईकसमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्या वाक्यापासून मुरुडच्या भाषेत बोलल्या. राग नव्हता तरी. समोर दुकानदार, शाळामास्तर, बायका, म्हातारी माणसं.

"तुम्ही सगळ्यांनी बोअर घेतलेत," त्या म्हणाल्या. "पाणाड्या येतो, नारळ हातावर धरतो, म्हणतो हितं पाणी हाय. आमच्यात पण पाणाडे असतेत. आम्ही त्यांना सिद्धांतवाले म्हणतो. ते कागदावर गणित मांडून सांगतेत, हितं कण हाय. त्यांना हसायचं न्हाई, कारण काही वेळा त्यांनी सांगितलं तिथं खरंच लागलंय. पण खोदल्याबिगर मानायचं पण न्हाई. मी खोदणारी हाय. लई वर्षं एका जागी खोदलं. बोअर फेल गेला."

कुणीतरी मागून "अरेरे" म्हणालं.

"आता बोअर फेल गेला की काही मालक काय सांगतेत? थोडा ओलावा लागला. लाजेपायी सांगतेत. मग पुढचा माणूस तिथंच खोदतो आणि त्याचं पण वाटोळं. मला पण ओलावा लागलाय, बरं का. पण तो ओलावा असा हाय की कुठं पण खोदलं तर लागतो. म्हणून मी तुम्हाला सांगते, आणि तेच जगाला लिहून पाठवलंय, की एवढ्या खोलीपर्यंत हितं पाणी न्हाई. ज्याला खोदायचं त्यानं याच्याहून खोल जावं, न्हाईतर दुसरीकडं जावं. झालं माझं भाषण. जेवून जावा सगळेजण."

टाळ्या वाजल्या, पण बेताच्या. लोकांना नक्की कशाच्या टाळ्या वाजवायच्या ते कळेना. अध्यक्षसाहेबांनी भाषणात मॅडमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि खोलीचं पुढच्या वेळी बघू म्हणाले. जेवायला थांबले नाहीत. बालाजीभाऊ मात्र पंगतीत वाढताना प्रत्येकाला सांगत होते, "आक्का खोटं बोलत न्हाई. माझ्या दुकानात पण तिला बसवत न्हाई मी, गिऱ्हाईक तोडती." आणि सांगताना त्यांची छाती फुगलेली होती.

खोली मिळाली नाही. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हाही नव्हती, आजही नाही. मॅडम आता मुरुडलाच असतात. फोनवर माझ्या कामातल्या चुका काढतात. पण त्यांचा विषय निघाला की मला आठवते ती त्या रविवारची परतीची बस.

लातूर सुटलं होतं. खोली गेल्याचा माझा राग माझ्या तोंडावर दिसत असणार. मॅडम खिडकीशी, मांडीवर शाल, शालीवर नारळ. मला वाटलं, या बाईला काहीच वाटत नाही. लोखंडाची आहे. अहमदपूरला एक म्हातारी गाठोडं घेऊन चढली आणि आमच्या सीटवर तिसरी बसली. बस निघाली आणि मॅडम एकदम म्हणाल्या, "वाघमारे, मला तो पाहिजे होता गं."

मी वळून बघितलं. त्या रडत होत्या. हुंदके देऊन, खांदे हलवत. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

म्हातारी पुढं वाकली. "कोन गेलं वो बाई?"

मॅडमनी पदरानं तोंड पुसलं. "कुणी न्हाई मावशी. लई वर्षं एक गोष्ट हुडकत होते. ती तिथं न्हाई असं कळलं."

म्हातारीनं जरा विचार केला. काय गोष्ट, कुठं हुडकली, काही विचारलं नाही. गाठोडं पायाशी सरकवलं, मॅडमला नीट टेकता यावं म्हणून जागा केली, आणि म्हणाली, "मंग रडा की. रडायला काय मरनच लागतं व्हय?"

मॅडम रडल्या. लोहा येईपर्यंत रडल्या, आणि मी त्यांचा हात धरून बसले. तोवर मला वाटायचं, खरं बोलणाऱ्या माणसाला त्याचं दुःख होत नसावं, म्हणून त्याला ते जमतं. तसं नसतं. त्यांना तो कण आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाहिजे होता. आणि तो सापडला नाही हे त्यांनी दुपारी अख्ख्या गावापुढं, फेटा बांधून सांगितलं होतं.